पॅरिस म्हणजे आपलं जयसिंगपूर

आमचे घरमालक घरातसुद्धा अनाउन्समेंट करायचे. सकाळी नळाला पाणी आलं की गॅलरीत उभे राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, खणखणीत आवाजात म्हणायचे, "वरच्या मजल्यावरील पावण्यांनी लक्ष द्यावे. पाणी आलेले आहे. आपापल्या बादल्या लावून घ्याव्यात." वरच्या मजल्यावरचे पावणे म्हणजे मी एकटा. त्यांच्या दोन खोल्या आणि माझ्या दोन खोल्या यांना मिळून एकच गॅलरी होती, आणि त्यांचं तोंड माझ्या दारापासून चार फुटांवर असायचं. तरी ते थेट माझ्याशी बोलायचे नाहीत, समस्त प्रवासीवर्गाशी बोलायचे. मी नोकरीसाठी नाशिकहून कोल्हापुरात आलेलो, शिवाजी पेठेत नवा. पहिला आठवडाभर मी घाबरून बादली घेऊन पळत सुटायचो.

पेठेत त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. एस.टी. स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, आवाज काही सुटला नाही. जेवण झालं की "ताटं उचलण्यात येत आहेत", पाहुणे निघाले की "गाडी सुटण्याच्या तयारीत आहे". मला चार वर्षांनंतरही ते पावणंच म्हणत. मी एकदा म्हटलं, आता तरी नावानं हाक मारा. त्यावर म्हणाले, ज्याला भाड्याचं तिकीट महिन्याच्या महिन्याला काढावं लागतं तो पावणाच.

त्यांचा एक नियम होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एकदा तोंडातून गेलेली अनाउन्समेंट ते दुरुस्त करत नसत. एकदा मलकापूरमार्गे रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट चारवर उभी होती आणि यांच्या तोंडून सात गेलं. पोती, पिशव्या, पोरं घेऊन माणसं सातकडे धावली. दुसऱ्या कुणी पुन्हा माइक उचलला असता. हे केबिनमधून खाली उतरले आणि ड्रायव्हरला म्हणाले, गाडी सातवर घे. ड्रायव्हर लय भडकला, यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण शेवटी गाडी सातवर लावली. हा किस्सा त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी शेवटी एकच सांगायचे, "माणसं आपल्या शब्दावर एकदा पळाली की त्यास्नी परत पळवायचं नसतंय."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का माहेरच्या जयसिंगपूरच्या. बोलायला कमी, हसायला पटकन. चिडल्या की कानडीत पुटपुटायच्या, म्हणजे आपण चिडलोय हे नवऱ्याला कळावं पण का ते कळू नये. मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या होता, तो पलीकडच्या गल्लीत राहायचा आणि त्यानं नुकतंच सहलींचं ऑफिस काढलं होतं.

अक्कांना काचबिंदू होता. कळला तेव्हा उशीर झाला होता, कारण हा आजार कडेकडेनं येतो आणि मधलं दिसत राहतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपलं ठीक चाललंय. अक्का दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागल्या, वाढताना ताटाबाहेर आमटी सांडायला लागल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही; राहिलेलं किती दिवस राहील तेही सांगता येणार नाही. घरी आल्यावर अक्का फक्त एवढंच म्हणाल्या, की सगळी नजर इथल्या गल्लीतच संपली, काहीतरी लांबचं बघायचं राहिलं. कंट्रोलरांनी एकतीस वर्षं लोकांना लांब लांब पाठवलं होतं. बायकोला त्यांनी पास असूनही कोकणापलीकडे कुठे नेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकही अनाउन्समेंट केली नाही. दुसऱ्या दिवशी घर बांधायला म्हणून ठेवलेली कळंब्याकडची जागा विकायला काढली आणि पुतण्याच्या युरोपच्या सहलीत दोघांची नावं घातली.

पुढे जे झालं ते कोल्हापुरातच होऊ शकतं. पुतण्यानं फोन करून विचारलं, काका, युरोपची तिकिटं कशी काढू? कंट्रोलर म्हणाले, "काढ की फस्क्लास."

आता आपल्याकडे फस्क्लास म्हणजे काय, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल. मिसळ फस्क्लास असते, मुलगी बघायला आलेला मुलगा फस्क्लास असतो, म्हातारा झोपेत गेला तर तेही फस्क्लास झालेलं असतं. पण पुतण्याचा धंदा नवा, आणि काकांनी जागा विकल्याचं त्याच्या कानावर आलेलं. त्यानं इमानेइतबारे विमानाची पहिल्या वर्गाची दोन तिकिटं काढली. बाकीचे बारा प्रवासी आणि स्वतः तो मागच्या साध्या वर्गात. तिकिटं हातात पडली तेव्हा मी तिथेच होतो. काकांचा चेहरा बघून पुतण्या पांढराफटक पडला. काका, मला वाटलं तुम्ही तसंच म्हणाला, आता रद्द केलं तरी बरेचसे पैसे जातील, असं काहीबाही बोलायला लागला. कंट्रोलरांनी चष्मा लावून तिकीट दोनदा वाचलं. मला वाटलं आता त्याच्या कानाखाली बसणार.

"मी फस्क्लास म्हटलं व्हतं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं होतं काका, पण..."

"मग गाडी त्याच फलाटाला लागंल."

येतानाची तिकिटं तेवढी साध्या वर्गात बदलून घेतली, म्हणून जागेच्या पैशात कसंबसं बसलं. कंट्रोलर पेठभर सांगत सुटले, जाताना साहेब आणि येताना प्रवासी.

विमानातलं मला पुतण्यानं सांगितलं. पहिल्या वर्गात माणसं आठ, आणि त्यांच्या दिमतीला तीन. कंट्रोलर नऊवारीतल्या अक्कांचा हात धरून आत शिरले आणि त्यांना खिडकीशी बसवून पुन्हा दारात येऊन उभे राहिले. मागच्या वर्गाचे लोक आत येत होते, त्यांना हातवारे करून "पुढं सरका, मागं लय जागा हाय" सांगत राहिले. तिथल्या मुलीला वाटलं हे कुणी मोठे अधिकारी असावेत. विमान उडाल्यावर तिनं आसनाची गादी करून दिली, तेव्हा अक्का झोपायला तयार होईनात. बाकीची माणसं बसून असताना मी आडवी कशी होऊ, हा त्यांचा सवाल. शेवटी कंट्रोलरांनी पडद्यापलीकडे जाऊन सगळ्या बारा जणांना मोजलं, प्रत्येकाला विचारलं, आणि परत येऊन सांगितलं की समस्त प्रवाशांची परवानगी आहे. मग अक्का जेवायलासुद्धा उठल्या नाहीत, एवढ्या गाढ झोपल्या. त्यांच्या ताटातलं गोड कंट्रोलरांनी रुमालात बांधून मागे पुतण्याला नेऊन दिलं.

सहल पंधरा दिवसांची झाली. परत आल्यावर रोज संध्याकाळी गॅलरीत मैफल भरायची. तालमीतली दोन-चार मंडळी, खालचा इस्त्रीवाला, समोरचे निवृत्त मास्तर, आणि मी. कंट्रोलर हात पाठीमागे बांधून शहरं जाहीर करायचे.

पॅरिस म्हणजे जयसिंगपूर. दोन्ही गावं आखून बांधलेली, रस्ते सरळ, दोन्हीकडं वस्तीला नंबर. मिलान म्हणजे इचलकरंजी, कारण सगळं गाव कापडावर जगतं. फरक इतकाच की इचलकरंजीत कापड करतात आणि मिलानात ते घालून हिंडतात. रोम म्हणजे पन्हाळा, सगळं पडलेलं आणि ज्याला त्याला त्याच्यासमोर फोटो हवा. स्वित्झर्लंडची आगगाडी वर चढायला लागली की मलकापूर सोडून आंबा घाटाला लागल्यागत वाटतंय, पण आंब्याला धुकं फुकट आहे. व्हेनिस म्हणजे पुरातलं कुरुंदवाड, फक्त सामान माळ्यावर टाकायची कुणाला घाई नाही.

लोक पोट धरून हसायचे. पेठेत तो खेळच होऊन बसला. चहाच्या गाड्यावर पोरं एकमेकांना विचारायची, काय, आज पॅरिसला चाललास का? म्हणजे जयसिंगपूरच्या गाडीनं. मीही हसायचो. पण एका संध्याकाळी मला ते सहन होईना. माझा स्वभाव जरा मास्तरकीचा आहे, चुकलेलं ऐकवत नाही. मी चारचौघांत म्हटलं, एवढे पैसे घालून, पहिल्या वर्गानं जाऊन तुम्ही शेवटी कोल्हापूर जिल्हाच बघून आलात. व्हेनिस कुठे, कुरुंदवाड कुठे.

कंट्रोलर रागावले नाहीत. "पावणं, तुमी कुरुंदवाड बगितलंय?"

मी नाही म्हटलं.

"मग तुमास्नी व्हेनिस कसं कळावं," ते म्हणाले आणि पुढच्या गावाकडे वळले. सगळे मला हसले. मला ते बरंच लागलं.

एका गावाचं मात्र ते काही सांगायचे नाहीत. ल्युसर्न. स्वित्झर्लंडात तळ्याकाठी वसलेलं. सहलीच्या कागदावर नाव होतं, पुतण्याच्या फोनमध्ये फोटो होते. मास्तरांनी दोनदा विचारलं, तिथलं तळं म्हणजे आपला रंकाळाच म्हणायचा की. जो माणूस सगळ्या युरोपला एस.टी.च्या फलाटांवर बसवत होता त्याला हे आयतं मिळालं होतं. पण ते म्हणाले, "त्या गावाचं मला म्हाईत न्हाय," आणि आत निघून गेले.

सगळे मला हसले त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का गॅलरीत बसून हातानं चाचपत घेवडा मोडत होत्या. मी ऑफिसातून आलो तर मला थांबवून त्यांनी खाली बसायला सांगितलं. काल माझं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं. त्यांनी हातातली एक बांगडी काढली आणि माझ्या एका डोळ्यासमोर हातभर अंतरावर धरली. "आता दुसरा डोळा झाकून यातनं गल्ली बगा."

मी बघितलं. समोरच्या घराच्या खिडकीचा एक तुकडा दिसला आणि वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही.

"मला तिथं एवढंच दिसायचं," अक्का म्हणाल्या. "पॅरिसचा तो लोखंडी मनोरा, त्याचं मधलं तेवढं. त्याच्या भोवतीनं काय हाय, रस्ता कसा हाय, ते म्या कुटनं बघू? मग ह्यांनी सांगायचं. अगं, जयसिंगपूरगत हाय, सरळ रस्तं हाईत, सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभी हायस असं समज. मी समजायची. मग मला समदं दिसायचं."

मी बांगडी परत दिली. अक्कांच्या पॅरिसात मधोमध खरा मनोरा होता आणि त्याच्या भोवती त्यांच्या माहेरच्या गल्ल्या. ती गावं कंट्रोलरांनी आमच्या मनोरंजनासाठी शोधली नव्हती. बायकोला उरलेलं शहर दाखवण्यासाठी तिथल्या तिथे, तिचा हात धरून, घाईघाईनं शोधली होती, आणि आल्यावर तीच आम्हाला ऐकवत होते, कारण दुसरा युरोप त्यांच्याकडे नव्हताच. मला माझीच लाज वाटली. त्या संध्याकाळी मी मैफलीत सगळ्यात पुढे जाऊन बसलो आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

सहलीनंतर पाचव्या महिन्यात अक्कांची नजर पूर्ण गेली. आदल्या दिवशी थोडं दिसत होतं. सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, दिवा लावा. दिवस वर आला होता.

त्या दिवसापासून कंट्रोलर बोलेनासे झाले. पाणी आलं तर मला नळाच्या आवाजावरून कळायचं. जेवण कधी झालं, ताटं कधी उचलली, कुणाला पत्ता नाही. ते अक्कांचं सगळं करायचे, वेणी घालायला शिकले, भात कालवून हातात ताटली द्यायचे, पण सगळं मुक्यानं. मैफल मोडली. लोक म्हणाले, बिचाऱ्याला धक्का बसला. मला ती शांतता खायला उठायची. ज्या आवाजाला मी चार वर्षं वैतागलो होतो तो नसल्यावर घर भाड्याचं वाटायला लागलं.

एका रविवारी जिन्याच्या पायरीवर ते एकटेच बसलेले दिसले. मी शेजारी टेकलो. ते आपणहून बोलले, आणि तो आवाज माइकचा नव्हता.

"पावणं, म्या तिची नजर खाल्ली."

मी म्हटलं, असं काय बोलता, आजार होता.

"आजार व्हताच की. पर जेवढं शिल्लक व्हतं तेवढ्यात तिला बगू दिलं न्हाई. पंदरा दीस माझी टकळी चालू. ही गल्ली, त्यो घाट. ल्युसर्नला तळ्याकाठी उभा राहिलो, म्या तोंड उघडलं आन् ती म्हणाली, गप बसा जरा. जन्मात पयल्यांदा म्हणाली. तवा नुसतं लागलं, पर तिचं डोळं गेल्यावर मला कळलं, हिला माझा आवाज नको व्हता, हिला बगायचं व्हतं. आन् म्या आपला बडबडतोय." त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. "आता ती अंधारात बसलीया. आता तरी गप बसावं म्हटलं."

म्हणून ते ल्युसर्नचं काही सांगत नव्हते. तिथं उभं राहून त्यांनी तळं बघितलंच नव्हतं. खाली मान घालून फक्त अक्कांच्या पायाखालची फरशी बघितली होती, त्या घसरू नयेत म्हणून.

दुसऱ्याच्या नवरा-बायकोत पडू नये हे मला कळतं. पण त्या दिवशी मी पडलो. वर गेलो आणि अक्कांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. अक्का ऐकत राहिल्या. मग कानडीत काहीतरी पुटपुटल्या. त्या चिडल्या होत्या, आणि भिंतीला हात लावत लावत गॅलरीत आल्या.

"वर या जरा," त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

कंट्रोलर आले. मी माझ्या खोलीत जायला निघालो तर अक्कांनी पावलांच्या आवाजावरून मला थांबवलं, कारण ज्यानं भांडण लावलंय त्यानं ते ऐकावं, असं त्यांचं म्हणणं.

"त्या तळ्याकाठी मला रडायला आलं व्हतं," अक्का म्हणाल्या. "तुमी तोंड उघडायच्या आदीच मला रंकाळा दिसला. तुमी न सांगता दिसला. वाटलं, एवढ्या लांब आले, आन् मला बगायचा व्हता त्यो आपला रंकाळा. तुमी वर त्याचं नाव काढलं असतं तर म्या तिथंच बसून रडले असते, चारचौघांत. म्हणून गप बसा म्हटलं." त्या कंट्रोलरांच्या दिशेनं एक पाऊल सरकल्या. "आल्यावर मी रोज सकाळच्याला रंकाळ्यावर चला म्हणत व्हते, ते कशाला? पाय मोकळं करायला?"

कंट्रोलरांनी गॅलरीचा कठडा धरला. चार महिने ते रोज अक्कांना रंकाळ्यावर नेत होते, त्यांना पाय मोकळे करायचे असतील असं समजून. तिथेही सगळा वेळ बडबड करत होते. आणि अक्का ती बडबड ऐकत ऐकत, शेवटचं जेवढं दिसत होतं तेवढ्यात, रंकाळा बघून घेत होत्या.

"मला सांगायचं न्हाईस व्हय," ते कसेबसे म्हणाले.

"तुमी बोलायचं थांबला तर मी सांगू. आन् थांबला ते कवा, तर आता." अक्कांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "महिना झाला, या घरात मला कायबी दिसत न्हाई. डोळं गेल्यात म्हणून न्हवं. अवो, तुमी बोलला न्हाईसा तर मला दिसंल कसं?"

मला वाटतं मी रडत होतो. मला तरी माझ्या चष्म्यातून नीट दिसत नव्हतं. कंट्रोलरांनी खुर्ची ओढली, अक्कांना तिच्यात बसवलं, आणि सवयीनं हात पाठीमागे बांधले. घसा दोनदा खाकरला. मग हात सोडले आणि एक हात अक्कांच्या खांद्यावर ठेवला.

"खाली गल्लीत," ते म्हणाले. आवाज फुटला. पुन्हा सुरुवात केली. "खाली गल्लीत एक म्हस चाललीया."

"कशी हाय?" अक्कांनी विचारलं.

कंट्रोलरांनी गल्लीकडे बघितलं. पॅरिसला, रोमला, मिलानला ज्या माणसाला क्षणभर विचार करावा लागला नव्हता, तो त्या म्हशीकडे बराच वेळ बघत राहिला.

"म्हशीगत हाय," ते म्हणाले.

अक्का हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मग त्यांनी चेहरा गल्लीच्या बाजूला वळवला, खुर्चीत नीट सरसावून बसल्या, आणि म्हणाल्या, "आन् तिच्या मागं?"